स्वसंरक्षणासाठी पेपर स्प्रे बाळगण्याविषयीचे विविध देशांतील कायदे : एक तुलनात्मक विवेचन

सारांश :
मिरचीच्या अर्काचा फवारा, म्हणजेच पेपर स्प्रे, हे आज स्त्रियांच्या स्वसंरक्षणाचे सर्वपरिचित साधन झाले आहे. मात्र ते बाळगणे कायदेशीर आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते. प्रस्तुत लेखात ब्रिटन, युरोपातील काही देश, अमेरिका, कॅनडा आणि आशियातील काही देश यांच्या कायद्यांचा परामर्श घेऊन भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, स्थितीचे विवेचन केले आहे. भारतीय कायदा स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी स्पष्ट आहे. त्या हक्काच्या या साधनाविषयी मात्र तो मौन बाळगतो आणि या मौनाचा भार साधन वापरणाऱ्या स्त्रीवरच पडतो, असे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पेपर स्प्रे, स्वसंरक्षण, खाजगी संरक्षणाचा हक्क, शस्त्र अधिनियम, प्रमाणशीरता.

प्रस्तावना :
लाखांदूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनींपैकी अनेकजणी आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने किंवा सायकलने येतात. हिवाळ्यात शेवटच्या फेरीने गावी परतताना फाट्यापासून घरापर्यंतची वाट अंधारातच तुडवावी लागते. महिला सुरक्षाविषयक एका कार्यक्रमानंतर एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकास विचारले, "पर्समध्ये स्प्रे ठेवला आणि पोलिसांनी पाहिला, तर माझ्यावरच केस होईल का?" त्या क्षणी "होणार नाही" असे उत्तर दिले गेले. परंतु कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये होणार नाही, हे सांगता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या अपुऱ्या उत्तराची पूर्तता करण्याचा प्रयत्न होय.

हा प्रश्न केवळ गावच्या वाटेपुरता मर्यादित नाही. आपले विद्यार्थी आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीसाठी जातात, तर काही लंडन, सिंगापूर, टोरांटोपर्यंत पोहोचतात. मुलीच्या सामानात काळजीपोटी आईने ठेवलेली तीच छोटी डबी एका देशात औषधाच्या दुकानात मिळते, तर दुसऱ्या देशात तुरुंगवासास कारण ठरू शकते. म्हणून या विषयाची तुलनात्मक माहिती अध्यापकांना असणे गरजेचे आहे.

उद्दिष्टे :
१) पेपर स्प्रेचे स्वरूप व कार्य समजून घेणे.
२) विविध देशांतील कायद्यांमागील भूमिकांचे वर्गीकरण करणे.
३) भारतातील व महाराष्ट्रातील कायदेशीर स्थिती स्पष्ट करणे.
४) महाविद्यालयीन मार्गदर्शनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष मांडणे.

पेपर स्प्रे : स्वरूप व कार्य :
पेपर स्प्रे या नावातील 'पेपर' म्हणजे काळी मिरी नव्हे, तर मिरची होय. मिरचीतील तिखटपणा कॅप्सायसिन व तत्सम द्रव्यांमुळे येतो. मिरचीपासून काढलेला तेलकट अर्क द्रावकात मिसळून दाबाखाली डबीत भरला जातो. हा फवारा डोळ्यांत व नाकात जाताच तीव्र आग होते, पापण्या आपोआप मिटतात, खोकला येतो व श्वास लागल्यासारखा वाटतो. साधारणतः अर्धा ते पाऊण तास हा परिणाम टिकतो.

कॅप्सायसिन शरीरातील उष्णता व वेदना ओळखणाऱ्या ग्राहींना उद्दीपित करते. त्यामुळे प्रत्यक्षात भाजलेले नसतानाही भाजल्याची जाणीव होते. या ग्राहीचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. परिणाम तात्पुरता असला तरी दम्याच्या रुग्णास तो धोकादायक ठरू शकतो. तसेच वाऱ्याची दिशा उलटी असल्यास फवारा वापरणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो, ही या साधनाची मोठी मर्यादा आहे.

या साधनामागील कल्पना आपल्या भागास नवी नाही. भिवापूरच्या मिरचीची ख्याती सांगणाऱ्या या परिसरात प्रसंगी मिरचीपूड हाच घरातील बाईचा आधार होता. आधुनिक स्वरूपात मिरचीचा फवारा अमेरिकेत प्रथम टपाल कर्मचाऱ्यांना कुत्र्यांपासून बचावासाठी देण्यात आला व १९८० च्या दशकात तो तेथील पोलिसांच्या हाती आला. भारतातही संरक्षण संशोधन व विकास संघटनेने भूत जोलोकिया या अतितिखट मिरचीचा उपयोग करून हातबॉम्ब विकसित केला.

येथे आंतरराष्ट्रीय कायद्यातील एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. १९९३ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झालेला व १९९७ पासून अमलात आलेला रासायनिक अस्त्रविषयक करार दंगल नियंत्रणासाठीच्या अशा द्रव्यांचा युद्धपद्धती म्हणून वापर करण्यास मनाई करतो. देशांतर्गत कायदा व सुव्यवस्थेसाठी मात्र त्यांचा वापर होऊ शकतो. म्हणजे जे द्रव्य सैनिकाने शत्रूवर वापरणे निषिद्ध आहे, ते पोलीस जमावावर वापरू शकतात. मग सामान्य नागरिकाने ते हल्लेखोरावर वापरावे काय, हा प्रश्न प्रत्येक देशावर सोपविला गेला आहे. त्याची उत्तरे स्थूलमानाने तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट : संपूर्ण बंदी :
या गटातील प्रमुख उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथील १९६८ च्या बंदूकविषयक कायद्याचे कलम ५ अपायकारक द्रव, वायू किंवा तत्सम वस्तू बाहेर सोडण्यासाठी बनविलेल्या कोणत्याही हत्यारास प्रतिबंधित शस्त्र मानते. पेपर स्प्रे याच व्याख्येत बसतो. तो केवळ जवळ बाळगणे हाही गुन्हा असून त्यासाठी १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. भारतातून शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलीने तो अजाणतेपणी सोबत नेला, तरी वस्तूचे स्वरूप बदलत नाही.

हाँगकाँगचा कायदा ब्रिटिश परंपरेतील असून तेथे अशी वस्तू परवान्याविना बाळगल्यास १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सिंगापूरमध्येही परवान्याशिवाय पेपर स्प्रे आणणे वा बाळगणे गुन्हा ठरते. नेदरलँड्स व बेल्जियम येथेही सामान्य नागरिकास ते बाळगता येत नाही.

कॅनडाचे उदाहरण उद्बोधक आहे. माणसावर वापरण्यासाठीचा फवारा तेथे प्रतिबंधित शस्त्र आहे. मात्र जंगलात अस्वलापासून बचावासाठी मिळणारा फवारा कायदेशीर आहे. तोच फवारा माणसाविरुद्ध वापरण्याच्या हेतूने बाळगल्यास मात्र गुन्हा घडतो. वस्तू एकच असली तरी बाळगणाऱ्याचा हेतू कायदेशीरता ठरवितो.

बंदीचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, जे साधन स्त्रीच्या हाती येईल ते लुटारूच्या हातीही येईल. हा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु त्याची दुसरी बाजू डेन्मार्कमधील २०१६ च्या एका घटनेने पुढे आणली. एका १७ वर्षीय मुलीने हल्लेखोरास पेपर स्प्रेच्या साहाय्याने पळवून लावले. मात्र बंदी असलेली वस्तू बाळगल्याबद्दल तिच्यावरच दंडाची टांगती तलवार आली व त्यावर सार्वत्रिक टीका झाली. पुढे तेथील कायद्यात बदल होऊन १८ वर्षांवरील व्यक्तीस स्वतःच्या घरात पेपर स्प्रे ठेवण्याची मुभा मिळाली.

दुसरा गट : अटींसह परवानगी :
युरोपातील अनेक देशांनी मध्यम मार्ग स्वीकारला आहे. इटलीने २०११ च्या नियमान्वये डबीतील द्रव २० मिलिलीटरपेक्षा अधिक नसावा, अर्काचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त नसावे, फवाऱ्याचा पल्ला ३ मीटरच्या आत असावा आणि बाळगणाऱ्याचे वय किमान १६ वर्षे असावे, अशा मोजमापाच्या अटी घातल्या. वस्तूचे वर्णनच कायद्यात असल्याने तेथे नागरिक व पोलीस या दोघांनाही संदिग्धता राहत नाही.

फ्रान्समध्ये १०० मिलिलीटरपर्यंतची डबी प्रौढ व्यक्तीस विकत घेता येते, परंतु न्याय्य कारणाशिवाय ती घेऊन हिंडता येत नाही. खरेदीचे स्वातंत्र्य आणि बाळगण्याचे स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येते. जर्मनीत 'प्राण्यांपासून बचावासाठी' असे लेबल असलेला मिरचीचा फवारा शस्त्रविषयक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. माणसावर त्याचा वापर केवळ स्वसंरक्षणाच्या प्रसंगीच समर्थनीय ठरतो.

जपानमध्ये बंदी नाही, परंतु न्याय्य कारणाशिवाय अशी वस्तू लपवून बाळगल्यास किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यान्वये कारवाई होऊ शकते. रात्री व्यायामासाठी सायकल चालविण्यास निघालेल्या एका व्यक्तीजवळ असा फवारा सापडला होता. मार्च २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. म्हणजेच संभाव्य धोक्यापासून बचावाची तयारी हेही न्याय्य कारण होऊ शकते, असे न्यायालयाने मान्य केले.

तिसरा गट : सर्वसाधारण परवानगी :
अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत पेपर स्प्रे बाळगता येतो, मात्र तपशील राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात डबीचा आकार अडीच औंसांपर्यंत मर्यादित आहे. न्यूयॉर्कमध्ये खरेदीदार १८ वर्षांवरील असावा लागतो आणि विक्री औषधविक्रेते किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेते यांच्यामार्फतच होते. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१४ पर्यंत यासाठी ओळखपत्रवजा परवाना लागे. त्या वर्षी प्रौढांसाठी ती अट रद्द झाली. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तींना अनेक राज्यांत हे साधन बाळगण्यास मनाई आहे. परवानगी असलेल्या देशातही वय, आकार, विक्रेता व पूर्वेतिहास यांचे नियमन होतेच, ही बाब लक्षणीय आहे.

भारतातील स्थिती :
भारतात पेपर स्प्रे दुकानांत व ऑनलाईन खुलेपणाने मिळतो आणि तो घेताना परवाना विचारला जात नाही. त्यावरून 'भारतात पेपर स्प्रेला पूर्ण परवानगी आहे' असा सर्वसाधारण समज झाला आहे. व्यवहारात हा समज चालून जातो. परंतु कायद्याच्या शब्दांकडे पाहिल्यास चित्र इतके सरळ नाही.

अ) शस्त्र अधिनियम, १९५९ : या अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्येनुसार हल्ला किंवा बचाव यांसाठी बनविलेल्या वस्तू 'शस्त्र' या संज्ञेत येतात. केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातकाठी, त्यातून वगळल्या आहेत. याच कलमात 'प्रतिबंधित शस्त्रां'च्या व्याख्येत अपायकारक द्रव, वायू किंवा तत्सम वस्तू सोडण्यासाठी बनविलेल्या हत्यारांचा समावेश आहे. ही शब्दरचना वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश तरतुदीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. ब्रिटनमध्ये याच शब्दांच्या आधारे पेपर स्प्रे प्रतिबंधित ठरतो, तर भारतात तेच शब्द असूनही तो बाजारात विकला जातो. अधिनियमात किंवा २०१६ च्या शस्त्र नियमांत पेपर स्प्रेचा नामनिर्देश करून तो समाविष्टही केलेला नाही आणि वगळलेलाही नाही. आजची मुभा ही मुख्यत्वे व्यवहारातून व प्रशासनाच्या भूमिकेतून आलेली आहे.

ही प्रशासकीय अनुकूलता अनेकदा दिसून आली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबाद व बंगळूर येथील मेट्रोमध्ये स्त्रियांना पेपर स्प्रे सोबत नेण्याची मुभा देण्यात आली. विमान प्रवासात मात्र तो प्रवाशाजवळील हातातील सामानात नेता येत नाही.

ब) खाजगी संरक्षणाचा हक्क : साधनाविषयी कायदा मौन असला तरी हक्काविषयी तो मुखर आहे. भारतीय दंड संहिता, १८६० ची कलमे ९६ ते १०६ आता भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्ये कलमे ३४ ते ४४ म्हणून आली असून ती १ जुलै २०२४ पासून अमलात आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच, प्रत्यक्ष इजा होण्यापूर्वीच, हा हक्क सुरू होतो. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला इत्यादी कलम ३८ मधील प्रसंगी तो हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंतही जातो. ॲसिडहल्ल्याचा यातील समावेश २०१३ च्या दुरुस्तीने झाला.

मात्र कलम ३७ दोन मर्यादा घालते. शासकीय यंत्रणेचे संरक्षण मिळविण्यास पुरेसा अवधी असल्यास हा हक्क उरत नाही आणि बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. तथापि संकटात सापडलेल्या व्यक्तीने आपला प्रतिकार तोळ्यामाशाच्या हिशेबाने मोजून करावा अशी अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निर्णयात स्पष्ट केले आहे.

क) दुरुपयोग झाल्यास : श्वासावाटे आत घेणे शरीरास अपायकारक आहे अशा पदार्थाने इच्छापूर्वक दुखापत करणे हा न्याय संहितेच्या कलम ११८ खाली गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. भांडणात, थट्टेत किंवा वर्गात 'गंमत म्हणून' केलेली फवारणी या कलमाखाली येऊ शकते. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणा विधेयकाच्या वेळी खासदार एल. राजगोपाल यांनी लोकसभेत पेपर स्प्रे फवारला व काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले. बंदिस्त जागेत हे साधन निरपराध माणसांना कसे बाधते, याचे हे सर्वज्ञात उदाहरण होय.

ड) कर्नाटक उच्च न्यायालयाचा निर्णय : २०२४ मध्ये या न्यायालयासमोर मालमत्तेच्या वादातून पेपर स्प्रे वापरल्याचे एक प्रकरण आले. आपण स्वसंरक्षणार्थ फवारणी केली, असे आरोपींचे म्हणणे होते. प्रथमदर्शनी जीवितास धोका नसताना हे साधन वापरावयास नको होते, असे मत व्यक्त करून न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. या विषयावर भारतात कायद्याने काही निश्चित केलेले नसल्याची नोंद घेत न्यायालयाने २०१८ च्या एका अमेरिकन निर्णयाचा आधार घेतला व पेपर स्प्रेला धोकादायक हत्यार मानले. हा निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही व तो अंतिम दोषसिद्धीचाही नाही. परंतु आपल्या कायद्यातील पोकळी भरण्यासाठी न्यायालयास परदेशात पाहावे लागते, ही वस्तुस्थिती त्यातून अधोरेखित होते.

महाराष्ट्रातील विशेष तरतूद :
आपल्या राज्यात आणखी एका कायद्याकडे लक्ष देणे आवश्यक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) च्या कलम ३७ नुसार सण, निवडणुका किंवा आंदोलने यांच्या काळात मनाई आदेश काढता येतात. शस्त्रे, तलवारी, भाले, चाकू, काठ्या यांच्याबरोबरच शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी 'अन्य कोणतीही वस्तू' तसेच दाहक पदार्थ बाळगण्यास त्यात मनाई करता येते. अशा आदेशाच्या भंगासाठी कलम १३५ मध्ये कारावासाची तरतूद आहे. 'अन्य कोणतीही वस्तू' या व्यापक शब्दांत पेपर स्प्रे येतो की नाही, याचा निर्णय प्रथम बंदोबस्तावरील पोलीस कर्मचाऱ्याच्या हाती राहतो. एरवी निर्धोक असलेली वस्तू मनाई आदेशाच्या काळात मोर्चात वा सभेच्या ठिकाणी वादग्रस्त ठरू शकते, एवढी जाणीव विद्यार्थिनींना देणे इष्ट होय.

साधन आणि प्रतिकाराची अपेक्षा :
या विषयाची एक बाजू आपल्या परिसराच्या इतिहासाशी निगडित आहे. लाखांदूरच्या शेजारील देसाईगंज (वडसा) येथे, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मार्च १९७२ मध्ये पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरविले. मुलीच्या शरीरावर इजेच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नसावा, हा विचार त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या विचारास आव्हान दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती झाली. पुढे २०१३ मध्ये, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही, ही तरतूद कायद्यात आली आणि ती न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये कायम आहे.

पेपर स्प्रेच्या प्रसाराचा विचार करताना हा इतिहास विसरून चालणार नाही. 'प्रतिकार का केला नाही' या जुन्या प्रश्नाची जागा उद्या 'स्प्रे का नव्हता' किंवा 'पर्समध्ये असूनही का वापरला नाही' या प्रश्नाने घेता कामा नये. साधन बाळगणे हा पर्याय असावा, ते कर्तव्य ठरू नये. दुसरीकडे जिने साधन वापरले, तिला आपली कृती स्वसंरक्षणात बसते हे दाखवावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०८ नुसार अपवादाचा लाभ मागणाऱ्यावर सिद्धतेचा भार असतो. म्हणजे स्प्रे न वापरणारीकडे समाज संशयाने पाहतो आणि वापरणारीकडे खुलासा मागितला जातो. कायद्याचे मौन या दुहेरी कोंडीस बळ देते.

निष्कर्ष :
१) बंदी, अटींसह परवानगी आणि सर्वसाधारण परवानगी अशा तीन भूमिका जगात आढळतात. ज्या देशांनी आकार, प्रमाण, वय व विक्री यांचे निकष लिहून ठेवले, तेथे नागरिकास आपली स्थिती आधीच कळते.
२) भारतात पेपर स्प्रे बाळगण्यास व्यवहारात आडकाठी नाही. परंतु शस्त्र अधिनियमातील व्याख्या व बाजारातील वास्तव यांत विसंगती आहे. इटलीप्रमाणे मोजमापे निश्चित करून नियमांत स्पष्ट अपवाद करणे हा त्यावरील सुलभ उपाय ठरेल.
३) बाळगणे आणि वापरणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वापराची कायदेशीरता धोक्याची वाजवी भीती व प्रतिकाराची प्रमाणशीरता यांवर ठरते.
४) परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथील कायदा पाहिल्याशिवाय हे साधन सोबत न नेण्याचा सल्ला द्यावा.
५) महाविद्यालयांनी स्वसंरक्षण कार्यशाळेत प्रात्यक्षिकाबरोबर कायद्याचीही माहिती द्यावी. वाऱ्याची दिशा पाहणे, बसमध्ये वा बंद खोलीत वापर टाळणे, फवारणीनंतर तेथून त्वरित दूर जाणे, ११२ या क्रमांकावर कळविणे आणि घटनेची तक्रार स्वतः प्रथम नोंदविणे, या बाबी त्यात असाव्यात.

समारोप :
प्रस्तावनेतील विद्यार्थिनीला आता असे उत्तर देता येईल : पर्समधील स्प्रेसाठी तुझ्यावर गुन्हा दाखल होण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. मनाई आदेशाच्या काळात मात्र सावध राहा. अंगावर येणाऱ्यापासून बचावासाठी तो वापरलास, तर न्याय संहितेचे कलम ३४ तुझ्या बाजूने उभे आहे. रागाच्या भरात वापरलास, तर कलम ११८ तुझ्याविरुद्ध उभे राहील. आणि तो जवळ नसला किंवा वापरता आला नाही, तरी दोष तुझा नाही. हे उत्तर पूर्वीच्या "होणार नाही" या दोन शब्दांपेक्षा लांब आहे. ते पुन्हा दोन शब्दांत देता यावे, यासाठी कायद्यानेच बोलणे आवश्यक आहे. तसेच फाट्यावरच्या दिव्याची आणि वेळेवर येणाऱ्या शेवटच्या फेरीची जागा कोणतीही डबी घेऊ शकत नाही, याचेही भान शासनाने व समाजाने ठेवावे.